विकतचे आतिथ्य

जपानमधील ओन्सेन-ऱ्योकानमध्ये, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्याकाठच्या पारंपरिक अतिथिगृहात, पाहुणा दुपार कलताना पोचतो. त्याचा मुक्काम बहुधा एकाच रात्रीचा असतो आणि त्या रात्रीचा हिशेब 'एक रात्र, दोन जेवणे' अशा ठरीव शब्दांत, माणशी, आधीच झालेला असतो. उंबरठ्यापाशी तो जोडे काढतो. ते कोणीतरी उचलून नेते आणि निघण्याच्या वेळी, टोके बाहेरच्या दिशेला करून, पुन्हा तेथेच मांडून ठेवते. तातामीच्या खोलीत बसताच चहा येतो, सोबत त्या गावचा एखादा गोड पदार्थ. युकाता नावाचा सुती झगा घडी घालून ठेवलेला असतो. तो अंगावर चढवला की शहरातला अधिकारी, निवृत्त शिक्षक आणि नवविवाहित जोडपे एकाच गणवेशात येतात. पाहुणा स्नानाहून किंवा जेवणाहून परततो तेव्हा खोलीत गादी घातलेली असते. कोणाला हाक मारावी असा प्रसंग सहसा येत नाही, कारण हवे ते मागण्याच्या आधीच हजर करण्यात या घराची प्रतिष्ठा सामावलेली असते. घरच्या मालकिणीला ओकामी म्हणतात. ती गुडघे टेकून स्वागत करते आणि दुसऱ्या दिवशी पाहुण्यांची गाडी वळणाआड जाईपर्यंत आपल्या सहकाऱ्यांसह दारात उभी राहते.

त्याआधी अर्थातच बिल चुकते झालेले असते.

या बिलामुळे एक जुना प्रश्न उभा राहतो. जे पैसे मोजून मिळते त्याला आतिथ्य म्हणावे काय? भारतीय मनाचे उत्तर बहुधा तयार असते. तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत अतिथीला देव मानण्याचा उपदेश आहे, आणि ज्याच्या येण्याला तिथी नाही तो अतिथी, अशी त्या शब्दाची फोड परंपरेने केली आहे. न सांगता, न ठरवता जो दारात उभा राहतो आणि ज्याच्याकडून परतफेडीची अपेक्षा नसते, त्याला अर्धी भाकर काढून देणे म्हणजे आतिथ्य. या कसोटीवर ऱ्योकानचा पाहुणा पहिल्याच पायरीवर घसरतो. त्याची तिथी ठरलेली आहे, वेळही ठरलेली आहे, आणि येताना तो पाकीट घेऊन आला आहे. मराठीत 'घर' आणि 'खानावळ' या दोन शब्दांत जे अंतर आहे ते केवळ चवीचे नाही. खानावळीतले अन्न कितीही रुचकर असले तरी तेथे कोणी आग्रह केल्याचे समाधान नसते, आणि आग्रह झालाच तर त्यामागे गिऱ्हाईक टिकवण्याचा हेतू असेल अशी शंका येते.

ऱ्योकानविषयीही अशी शंका घेणारे आहेत आणि त्यांचे म्हणणे निराधार नाही. ओकामीचे स्मित हा तिच्या व्यवसायाचा भाग आहे. जेवण वाढणारी, गाद्या घालणारी नाकाई पहाटे कामाला लागते, दुपारी थोडी मोकळी होते आणि रात्री उशिरापर्यंत पुन्हा उभी असते. तिच्या नम्रतेत थकवा दिसू न देण्याचे कसब मिसळलेले असते. पाहुणा तिला काही द्यायचे म्हणालाच तर ती रक्कम कागदात वा पाकिटात गुंडाळून देण्याची रीत आहे. उघडा पैसा हातावर ठेवणे असभ्य मानतात. पैसा असावा पण दिसू नये, ही या संस्कृतीची धडपड टीकाकाराला ढोंगासारखी वाटू शकते.

परंतु कसब म्हणजे खोटेपणा हे समीकरण घाईचे आहे. वैद्य शुल्क घेतो म्हणून त्याने नाडीवर ठेवलेले बोट खोटे होत नाही. यामानाशी प्रांतातील केइउनकान हे अतिथिगृह 705 साली आणि इशिकावातील होशी हे 718 साली सुरू झाल्याचे सांगतात. त्या सनांविषयी संशोधकांनी हवा तो वाद घालावा, पण पिढ्यान्‌पिढ्या परक्यांची अंथरुणे घालणाऱ्या घरांत काही सद्भाव मुरत असणारच. तरीही हे समर्थन पुरेसे नाही. त्यातून फार तर इतके सिद्ध होते की विकतचे आतिथ्य खऱ्या आतिथ्याच्या जवळ जाऊ शकते. खरा प्रश्न उलट दिशेने विचारला पाहिजे: पैसे मोजणाऱ्या पाहुण्याला असे काही मिळते काय, जे देव मानल्या गेलेल्या अतिथीला मिळत नाही? या प्रश्नाचे उत्तर ऱ्योकानच्या सुखवस्तू पाहुण्यांकडे पाहून सापडत नाही. ज्यांना तेथे येऊ दिले गेले नाही, त्यांच्याकडे पाहावे लागते.

त्यासाठी आधी स्नानगृहात उतरले पाहिजे. ऱ्योकानमधले सारे अगत्य शेवटी त्या पाण्याभोवती रचलेले असते. वज्रेश्वरी-गणेशपुरीची कुंडे पाहिलेल्या मराठी वाचकाला झऱ्याचे नवल वाटणार नाही, पण तेथील शिस्त वेगळी आहे. स्त्रिया आणि पुरुष यांची स्नानगृहे आज बहुतेक ठिकाणी स्वतंत्र आहेत. आत जाताना सर्व कपडे उतरवून ठेवायचे. लहान पाटावर बसून, बादलीने पाणी घेऊन, अंग साबणाने स्वच्छ धुवायचे. अंगावर फेस राहता कामा नये. मग पंचाएवढा टॉवेल डोक्यावर किंवा काठावर ठेवून सर्वांच्या सामायिक पाण्यात हळूच शिरायचे. टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही. चांगल्या ठिकाणी हे पाणी झऱ्यातून सतत येत राहते आणि काठावरून सतत वाहून जाते. या नियमांत एक विचार आहे. अंग धुण्यापूर्वी प्रत्येकजण अस्वच्छ आहे असे गृहीत धरले जाते, आणि धुतल्यानंतर प्रत्येकजण स्वच्छ. विटाळाचा प्रश्न ज्याने त्याने पाटावर बसून स्वतःपुरता सोडवायचा. दुसऱ्याने तो विचारायचा नाही. वस्त्राबरोबर हुद्दाही उतरतो, म्हणून विवस्त्र सहवासातल्या मोकळिकीचे जपानी लोक कौतुक करतात आणि त्यासाठी भाषेत एक वाक्प्रचारही आहे.

हे कौतुक थोडे आखडते घेतलेले बरे. यासुनारी कावाबाता यांच्या 'इझूची नर्तकी' (1926) या कथेत भटक्या कलावंतांच्या मेळ्याबरोबर पायी निघालेला विद्यार्थी एका ओन्सेन गावी पोचतो, तेव्हा त्याची सोय एका अतिथिगृहात होते आणि मेळ्याची दुसऱ्या, स्वस्त धर्मशाळावजा घरात. वाटेवरच्या गावांच्या वेशींवर भिकाऱ्यांना आणि फिरत्या कलावंतांना बंदी असल्याच्या पाट्या आहेत. विद्यार्थी नदीपलीकडच्या स्नानगृहातून धावत बाहेर आलेली नर्तकी पाहतो आणि ती अजून मूलच आहे हे उमगून त्याचे मन निवळते. हा प्रसंग वाचकांच्या लक्षात राहतो, पाट्या विसरल्या जातात. ओन्सेनचे पाणी समता मानत असेलही; पण पाण्यापर्यंत जाणाऱ्या वाटेवर पाट्या होत्या.

कुष्ठरोग्यांच्या बाबतीत या वाटेचा इतिहास अधिक विलक्षण आहे. गुन्मा प्रांतातील कुसात्सु येथील पाणी अतिशय आम्ल आणि इतके कढत की लाकडी फळ्यांनी ढवळून त्याची धग उतरवावी लागते. त्वचेच्या व्याधींवर ते गुणकारी असल्याच्या समजुतीने दूरदूरचे कुष्ठरोगी तेथे येत. गावाची भरभराट होऊ लागली तशी इतर पाहुण्यांना त्यांची अडचण वाटू लागली, आणि 1887 मध्ये त्यांना गावाच्या एका टोकाला, युनोसावा नावाच्या जागी, वेगळे वसवण्यात आले. ही हकालपट्टीच होती. पण त्या वस्तीत पुढे जे घडले ते ध्यानात घेण्याजोगे आहे. तेथे रोग्यांनीच अतिथिगृहे काढली. नव्याने येणाऱ्या रोग्याला तेथे पैसे देऊन खोली घेता येई, स्नान करता येई, दुकानात खरेदी करता येई. ज्याला सारे जग दारातून परत पाठवीत होते तो मनुष्य युनोसावात पाहुणा होऊ शकत होता आणि यजमानही. 1932 मध्ये शासनाने जवळच कुर्यू राकुसेन-एन ही कुष्ठरोग्यांची वसाहत स्थापन केली आणि 1940 च्या दशकाच्या आरंभी युनोसावा मोडून टाकले. नव्या जागी अन्न, निवारा आणि औषध फुकट होते. तेथे एक शिक्षेची कोठडीही होती; 1938 ते 1947 या काळात तिच्यात 93 जणांना डांबण्यात आले आणि त्यांपैकी 23 जणांचा त्यात अंत झाला. कुसात्सुच्या हिवाळ्यात त्या कोठडीला ऊब नव्हती, आणि गरम पाण्याचे झरे त्याच डोंगरावर वाहत होते.

युद्धानंतरच्या जपानने नवी घटना स्वीकारली आणि झपाट्याने नवे कायदे केले. 1948 च्या जुलै महिन्यातल्या एकाच आठवड्यात तीन कायदे जाहीर झाले. 10 जुलैला ओन्सेनचा कायदा: उगमापाशी किमान 25 अंश सेल्सियस तापमान असलेले, किंवा ठरावीक द्रव्यांपैकी एखादे पुरेशा प्रमाणात असलेले, जमिनीतून येणारे पाणी म्हणजे ओन्सेन. 12 जुलैला अतिथिगृह व्यवसायाचा कायदा: त्याच्या पाचव्या कलमाने यजमानाला पाहुणा नाकारण्यास मनाई केली, संसर्गजन्य रोग उघड असणे, जुगारासारख्या बेकायदा कृत्याची भीती असणे, जागा नसणे, अशी मोजकीच कारणे मान्य केली. आणि 13 जुलैला तथाकथित सुप्रजननाचा कायदा, ज्याने इतर अनेकांबरोबर कुष्ठरोग्यांच्या नसबंदीला आणि गर्भपाताला कायद्याचा आधार दिला. पाण्याची व्याख्या, पाहुण्याचा अधिकार आणि काही माणसांची संतती थांबवण्याची तरतूद, ही तिन्ही कामे एकाच विधिमंडळाने उरकली. तोवर कुष्ठरोगावर परिणामकारक औषध जपानमध्ये येऊन पोचले होते. तरीही 1953 मध्ये विलगीकरणाचा कायदा नव्याने करण्यात आला, आणि तो रद्द झाला थेट 1996 मध्ये.

या तीन कायद्यांची गाठ पडली ती 2003 मध्ये, कुमामोतो प्रांतात.

किकुची केइफूएन ही तेथील कुष्ठरोग्यांची राष्ट्रीय वसाहत 1909 मध्ये स्थापन झाली. शासनाच्या विलगीकरणाच्या धोरणाने घटनेचा भंग झाला, असा निकाल मे 2001 मध्ये कुमामोतोच्याच जिल्हा न्यायालयाने दिला होता, आणि पंतप्रधान जुनिचिरो कोइझुमी यांच्या सरकारने अपील न करता तो स्वीकारला होता. दरवाजे उघडले, पण बाहेर पडून जाणार कोठे? निवासी कित्येक वर्षांपूर्वी रोगमुक्त झाले होते. मात्र रोगाच्या खुणा हातांवर, चेहऱ्यांवर राहिल्या होत्या. वय झाले होते. घरच्यांनी संबंध तोडले होते किंवा घरच्यांना त्रास होऊ नये म्हणून त्यांनी स्वतःच तोडले होते. वसाहतीत शिरताना अनेकांनी टोपणनाव घेतले होते आणि आयुष्य त्याच नावाने काढले होते. अशा लोकांना आपल्या प्रांताचे, आपल्या मुलखाचे दर्शन घडावे म्हणून कुमामोतोचे प्रांतशासन एक उपक्रम चालवीत असे. त्याच्या नावात 'फुरुसातो' हा शब्द होता. मराठी माणूस मुंबईत राहून 'गावी जातो' म्हणताना जे मनात धरतो, ते सगळे त्या शब्दात आहे. ज्यांना गावचे घर उरले नव्हते, त्यांना निदान गावाकडच्या एखाद्या ओन्सेनमध्ये एक रात्र काढता यावी, इतकाच बेत होता.

त्या वर्षी कुरोकावा निवडले गेले. डोंगरातल्या एका ओढ्याकाठचे हे गाव 1980 च्या दशकापर्यंत फारसे कोणाला ठाऊक नव्हते. मग तेथील अतिथिगृहांनी आपापसांतली स्पर्धा आवरून सारे खोरे म्हणजे एकच अतिथिगृह, वाटा म्हणजे त्याचे सोपे आणि प्रत्येक अतिथिगृह म्हणजे त्याची एक खोली, अशी कल्पना पुढे ठेवली आणि गावाचे भाग्य पालटले. प्रांतशासनाने तेथल्या एका हॉटेलात केइफूएनच्या 18 निवाशांसाठी आणि सोबतच्या माणसांसाठी खोल्या राखून ठेवल्या. नोव्हेंबर 2003 मध्ये, पाहुणे कोण आहेत हे समजताच, हॉटेलाने त्यांना नकार दिला. रोग बरा झालेला आहे, संसर्गाचा प्रश्नच नाही, हे अधिकाऱ्यांनी समजावून सांगितले. हॉटेलाचे म्हणणे होते की इतर पाहुण्यांची गैरसोय होईल. शिवाय ही माहिती शासनाने आधी द्यायला हवी होती.

यातले दुसरे म्हणणे आधी पाहू. पाहुण्याने नोंदवहीत नाव-पत्ता लिहिला पाहिजे, एवढे कायदा सांगतो. पूर्वी होऊन गेलेला आजार लिहिण्याचा रकाना त्या वहीत नसतो. चाळीस वर्षांपूर्वी क्षय झालेल्या मनुष्याने ते आधी कळवावे असे कोणी म्हणत नाही. म्हणजे 'आधी सांगायला हवे होते' याचा अर्थ, नाकारण्याची संधी आम्हाला निवांतपणे मिळायला हवी होती, इतकाच उरतो.

पहिले म्हणणे मात्र इतक्या सहज निकालात काढता येत नाही. वरकरणी ते लटके वाटते. इतर पाहुण्यांना कोणी विचारले नव्हते, यजमान त्यांच्या आडून स्वतःचीच भीती बोलत होता, असे म्हणण्याचा मोह होतो. पण पुढल्या घटनांनी वेगळेच दाखवले. प्रांतशासनाने नकाराची गोष्ट जाहीर केल्यावर हॉटेलाच्या व्यवस्थापनाकडून केइफूएनमध्ये येऊन क्षमायाचना करण्यात आली. हा निर्णय एका व्यक्तीचा होता की मालक कंपनीचा, हे तीतून स्पष्ट होत नव्हते, आणि निवाशांच्या संघटनेने ती क्षमा स्वीकारली नाही. ते दृश्य दूरचित्रवाणीवर दिसले. त्यानंतर केइफूएनकडे पत्रांचा आणि दूरध्वनींचा ओघ सुरू झाला. त्यांपैकी कित्येक पत्रे शिव्याशापांची, बिननावाची होती. त्यांच्याबरोबर एका पाण्यात उतरण्याची किळस काहींनी बोलून दाखवली; करदात्यांच्या पैशावर जगणाऱ्यांनी इतका ताठा दाखवू नये, असे इतरांनी सुनावले. संघटनेने ही पत्रे जपून ठेवली आणि पुढे ती छापून प्रसिद्धही केली. प्रांतशासनाने कारवाई केली, आणि 2004 मध्ये कंपनीने ते हॉटेल कायमचे बंद केले. तेव्हा नोकऱ्या गेल्याचा दोषही काहींनी त्या वृद्धांच्याच माथी मारला.

म्हणजे 'इतर पाहुणे' हे यजमानाच्या कल्पनेतले भूत नव्हते. ते खरेच होते आणि आपल्याला काय वाटते ते त्यांनी लिहून कळवले. हॉटेलाने बाजाराचा अंदाज चुकीचा बांधला नव्हता. नैतिक अडचण नेमकी येथे आहे. सर्वांचा यजमान होणे शक्य नसेल, एका पाहुण्याचे असणे दुसऱ्याला सहन होत नसेल, तर यजमानाने कोणाचा यजमान व्हावे? जास्त संख्येने येणाऱ्यांचा, असे व्यापार सांगतो. स्नानगृहाचा नियम मात्र स्पष्ट आहे: अंग धुऊन आलेल्याला कोणी प्रश्न विचारायचा नाही. त्या हॉटेलाने आपल्याच पाण्याचा नियम मोडला.

त्याहून अधिक विचार करायला लावते ती पत्रांची वेळ. दोन वर्षांपूर्वीच्या न्यायालयीन विजयानंतर याच वृद्धांविषयी देशभर सहानुभूतीची लाट आली होती. नकाराची बातमी आली तेव्हाही बहुसंख्य लोकांचा कल त्यांच्याकडे होता. रोष उसळला तो क्षमा नाकारल्यानंतर. वाकलेल्या, थकलेल्या, अन्याय सोसलेल्या माणसांसाठी डोळे पाणावणारा समाज, त्या माणसांनी 'हे पुरेसे नाही' असे शांतपणे म्हणताच बिथरला. करुणेला एक अट असते, आणि ती सहसा उच्चारली जात नाही: घेणाऱ्याने घेताना खाली पाहावे. पाहुण्यावर ती अट नसते. पाहुणा जेवण खारट झाल्याचे सांगू शकतो, खोली बदलून मागू शकतो, रुसून निघून जाऊ शकतो. त्याचा अपमान होऊ शकतो, कारण त्याला मान आहे हे आधी मान्य झालेले असते. केइफूएनच्या त्या अठरा जणांना आयुष्यभर फुकट अन्न, फुकट अंथरूण आणि फुकट औषध मिळाले होते. कुरोकावात त्यांना दर मोजून मिळणारी एक रात्र हवी होती. हा फरक ज्यांना समजला नाही त्यांनाच त्यांचा नकार उद्धटपणाचा वाटला.

येथे भारताचा एक धागा आहे. केइफूएनचे दीर्घकाळ संचालक राहिलेले डॉ. मात्सुकी मियाझाकी पुढे जपानी लोकांच्या देणग्यांतून आग्रा येथे उभारलेल्या 'जाल्मा' या कुष्ठरोग केंद्राचे प्रमुख झाले. 1972 मध्ये दिल्लीजवळ झालेल्या विमान-अपघातात त्यांचा अंत झाला आणि 1976 मध्ये ते केंद्र भारत सरकारकडे सुपूर्द करण्यात आले. असंख्य भारतीय रोग्यांना त्याचा लाभ झाला आहे आणि त्या कृतज्ञतेत काटछाट करण्याचे कारण नाही. तरीही हे नोंदवावे लागते की जपानी समाजाची करुणा समुद्र ओलांडून यमुनेच्या काठी पोचली, तेव्हा आणि त्यानंतरही अनेक वर्षे त्याच केइफूएनमधल्या माणसांना विलगीकरणाच्या कायद्याखाली जगावे लागत होते. भारतानेही याबाबत मान वर करून बोलू नये. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून आपल्या व्यक्तिगत कायद्यांत 2019 पर्यंत टिकून होते. वरोऱ्याजवळच्या आनंदवनात बाबा आमटे यांनी दानापेक्षा श्रमावर आणि कमाईवर भर दिला, त्यामागचे तत्त्व कदाचित हेच होते. जो कमावतो तो खर्च करू शकतो, आणि जो खर्च करू शकतो त्याला कोणाचा तरी पाहुणा होता येते.

इमॅन्युएल कांटने 1795 मध्ये लिहिलेल्या चिरंतन शांतताविषयक निबंधात आतिथ्याचा विचार भूतदयेच्या कक्षेतून काढून अधिकाराच्या कक्षेत आणला. परक्या भूमीवर शत्रू मानले न जाणे, एवढा अधिकार त्याने प्रत्येक माणसाला दिला. कोणाच्या घरात पाहुणा म्हणून राहण्याचा हक्क मात्र त्यात येत नाही. त्यासाठी वेगळा, सद्भावाचा करार हवा, असे त्याने बजावले. ऱ्योकान हा करार उघड्यावर विकायला ठेवतो. जो कोणी किंमत देईल तो एका रात्रीपुरता या घरचा, असे तो म्हणतो. देव मानल्या गेलेल्या अतिथीला यजमानाच्या मनाच्या मोठेपणावर अवलंबून राहावे लागते. पैसे मोजलेल्या पाहुण्याला यजमान थोर असण्याची गरज नसते. विकतच्या आतिथ्यात हेच अधिकचे आहे, आणि ज्यांच्या वाट्याला आयुष्यभर केवळ इतरांची थोरवी आली त्यांना त्याचे मोल सर्वांत जास्त कळते.

या विचाराला मोठी मर्यादा आहे. जो अधिकार पैशाने मिळतो तो पैसे नसलेल्याला मिळत नाही. कावाबातांच्या कथेतल्या मेळ्याला स्वस्त घरात उतरावे लागले ते रोगामुळे नव्हे. 1927 मध्ये महाडच्या चवदार तळ्याच्या पाण्याला हात लावणाऱ्यांनी कोणतेही मोल दिले नव्हते आणि द्यायचे कारणही नव्हते. ते तळे सार्वजनिक होते, नगरपालिकेने ते 1924 मध्येच सर्वांना खुले केल्याचा ठराव होता, आणि प्रश्न माणूस म्हणून बरोबरीचा होता. पैसा हा अधिकाराचा उगम मानला तर महाडचा सत्याग्रह अनाकलनीय ठरेल. कुरोकावातही वृद्धांचा अधिकार पैशातून निर्माण झाला नव्हता. पैशाने तो फक्त दृष्टीस आणला. खोली राखून ठेवली गेली, दर ठरला, कायदा होता, आणि तरीही दार मिटले गेले, तेव्हा आडोसा घ्यायला कोणतीही सबब उरली नाही. म्हणून तिथी नसलेल्या अतिथीचा जुना आदर्श टाकून देता येत नाही. ज्याच्याजवळ पाकीट नाही त्याच्यासाठी आजही तोच एक आधार आहे. फक्त त्या आदर्शाच्या तोऱ्यात नोंदवही आणि बिल यांना तुच्छ लेखणे थांबले पाहिजे.

अतिथिगृहांचा कायदा 2023 मध्ये बदलला. अवास्तव मागण्या करून छळणाऱ्या पाहुण्याला नाकारण्याची मुभा यजमानाला मिळाली. नाकाईच्या थकव्याचा विचार करता ती अन्याय्य म्हणता येणार नाही. तरी नकाराच्या कारणांची यादी लांबते तेव्हा पूर्वी नाकारले गेलेले लोक कान टवकारतात, हेही स्वाभाविक आहे. कुष्ठरोग्यांच्या 13 राष्ट्रीय वसाहतींमध्ये आता सारे मिळून हजारापेक्षा कमी निवासी उरले आहेत आणि त्यांचे सरासरी वय ऐंशीच्या पुढे गेले आहे.

कुरोकावात आजही लाकडी चकत्या विकल्या जातात. आसपासच्या जंगलातील सुगी वृक्षाच्या खोडाचा आडवा काप, त्याला अडकवलेली दोरी. ती गळ्यात घालून, युकाता नेसून, पाहुणे ओढ्याच्या काठाने एका अतिथिगृहातून दुसऱ्यात जातात. ही पद्धत 1986 मध्ये सुरू झाली. या चकतीला 'तेगाता' म्हणतात. एदो काळात नाक्यांवरून जाताना प्रवाशाला जो परवाना दाखवावा लागे त्याचेच हे नाव. त्या परवान्यावर प्रवाशाची ओळख लिहिलेली असे. कुरोकावाच्या चकतीवर स्नान झाल्याचे शिक्के उमटतात.